एफपीएस किती येतो?

भिवंडी हे नाव आताच्या पोरांना यंत्रमागामुळे कळत नाही, पार्सलमुळे कळतं. नांदेडला, सांगलीला किंवा सावंतवाडीला बसून एखादा मुलगा संगणकासाठी ग्राफिक कार्ड मागवतो आणि दर दहा मिनिटांनी मोबाइल उघडून बघतो. कार्ड भिवंडीला पोचलेलं असतं, भिवंडीहून निघालेलं असतं, नाहीतर भिवंडीत पडून असतं. पडून असण्याचा मुक्काम बराच लांबतो. तेवढ्या काळात त्या मुलाच्या मनात आमच्या तालुक्याबद्दल जे मत तयार होतं, ते पुढे सहसा बदलत नसावं.

आम्ही त्या पडून असण्याच्या गावचे. दापोडे. मानकोली नाक्यावरून अंजूरफाट्याकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना पत्र्याच्या शेडी लागतात त्या संपतच नाहीत. वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेर, कशेळी, सगळीकडे तेच. पूर्वी इथे भाताची खाचरं होती. मुंबईच्या जकात नाक्याच्या बाहेर आणि तरी मुंबईला लागून, हा या जमिनीचा खरा गुण. माल इथे उतरवायचा आणि लागेल तसा आत न्यायचा, की जकातही लागेल तशीच भरायची. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. गोदामं जातील असं काही जणांना वाटलं होतं. ती अजून मोठी झाली. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा शेवटचा तुकडा खुला झाला. नागपूरहून निघून ७०१ किलोमीटर धावत तो आमच्याच तालुक्यात, आमण्याला येऊन थांबतो. नागपूर ते आमणे आठ तास, असं सांगतात. आमण्यापुढचं कोणी सांगत नाही.

तर सांगायचं ते वेगाबद्दलच, पण रस्त्यावरच्या नव्हे. माझा धाकटा पुतण्या पीसीवर बंदुकीचे खेळ खेळतो. त्याच्या मित्रमंडळात आता कोणी कोणाला ‘जेवलास का’ विचारत नाही. ‘एफपीएस किती येतो?’ असं विचारतात. ज्याला दोनशे येतो तो खुर्चीत मागे रेलून उत्तर देतो. ज्याला साठ येतो तो विषय बदलतो. चाळीस येणाऱ्याचं सांत्वन करण्याची पद्धत अजून ठरलेली नाही.

पडद्यावर हलणारं चित्र म्हणजे एकामागून एक येणारी स्थिर चित्रं. एका सेकंदात अशी किती चित्रं संगणक रंगवून देतो तो आकडा म्हणजे एफपीएस. पोरं त्याला नुसतं ‘फ्रेम’ म्हणतात. साठ फ्रेम म्हणजे एका चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद. १४४ फ्रेम म्हणजे जेमतेम ७. एक हजार मिलिसेकंद जमले की एक सेकंद होतो, हे लक्षात ठेवून पुढचं ऐका. पडद्यावर काही दिसलं आणि बोटाने क्लिक केलं, यात चांगल्या धडधाकट माणसाचे दोनशेच्या आसपास मिलिसेकंद जातात. म्हणजे पुतण्या जे दहा मिलिसेकंद वाचवायला निघाला होता, ते त्याच्याच डोळ्यापासून बोटापर्यंतच्या प्रवासात कुठेतरी सांडून जाणार होते. हे मी त्याला समजावलं. तो म्हणाला, “काका, समोरच्याचेपण दोनशेच जातात. मग जिंकणार तो दहावरच.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ट्रान्स्पोर्टच्या धंद्यात सगळं आयुष्य गेल्याने उशीर दिवसांत मोजायची सवय आहे.

आमच्या म्हातारीचा आक्षेप वेगळा. ग्राफिक कार्डाची किंमत तिच्या कानावर गेली तेव्हा ती एवढंच म्हणाली, “आरं, एवऱ्या पैशान घरान म्हस आली असती.” म्हशीला ड्रायव्हर अपडेट लागत नाही, एवढं तरी खरं.

खेळ अडकत चालतोय आणि तो सुरळीत चालवायचाय, ही धडपड मात्र या पिढीने शोधलेली नाही. ‘डूम’ हा बंदुकीच्या खेळांचा मूळपुरुष. १० डिसेंबर १९९३ ला आला. त्याची कमाल मर्यादाच सेकंदाला ३५ फ्रेम होती, आणि त्या काळच्या ३८६ प्रोसेसरच्या यंत्रांना तेवढ्याही झेपत नव्हत्या. त्यावर खेळाच्या कर्त्यांनी एक सोय ठेवली होती, तिचं मला आजही कौतुक वाटतं. कीबोर्डवरचं वजाबाकीचं बटण दाबलं की खेळाची खिडकी आक्रसायची. भोवती चौकट मोठी होत जायची आणि मधलं चित्र पोस्टकार्डाएवढं उरायचं. जेवढं चित्र लहान तेवढं रंगवायला कमी, म्हणून खेळ पळायचा. राक्षस अंगठ्याएवढे दिसायचे, पण पळायचे झकास. पुढे ‘काउंटर-स्ट्राइक १.६’ च्या दिवसांत सायबर कॅफेतली पोरं खेळाला हुकूम द्यायची खिडकी उघडून ‘एफपीएस मॅक्स १०१’ असं मंत्रासारखं लिहायची. शंभर का नाही, एकशे एक का, असं विचारायची सोय नव्हती. आहेर दिल्यासारखा वर एक रुपया असावा, असा माझा समज होता.

२ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारने ११८ अ‍ॅप्सवर बंदी घातली, त्यात ‘पबजी मोबाइल’ गेलं. आमच्या आळीत एवढी शांतता त्याआधी फक्त टाळेबंदीत झाली होती. त्याच वर्षी जूनमध्ये पीसीवर ‘व्हॅलोरंट’ आलं होतं, फुकट. मोबाइलवरची बरीच पोरं संगणकाकडे वळली ती तिथून. ‘व्हॅलोरंट’ बनवणाऱ्यांनी खेळ मुद्दाम हलका ठेवला. इंटेलच्या एचडी ४००० वर, म्हणजे २०१२ च्या प्रोसेसरच्या पोटातच जे फुकटचं ग्राफिक असायचं त्यावरही, ३० फ्रेम मिळाव्यात अशी त्यांची किमान अट होती. त्यामुळे कोणाच्या बापाच्या ऑफिसातून निवृत्त झालेला डबाही कामाला आला. मग २७ सप्टेंबर २०२३ ला ‘काउंटर-स्ट्राइक २’ ने जुन्या ‘ग्लोबल ऑफेन्सिव्ह’ची जागा घेतली. नवा खेळ जुन्याच्याच जागी येऊन बसला, तोही फुकट, आणि ज्या यंत्रांवर काल दोनशे फ्रेम येत होत्या त्यांवर आज शंभरही येईनात. पुतण्याच्या घरातल्या संशोधनाला तेव्हा तोंड फुटलं.

संशोधनाची सुरुवात नेहमी चुकीच्या टोकाला होते. यूट्यूबवर या विषयाचे व्हिडिओ आहेत, आणि प्रत्येकात एक माणूस ओरडून सांगतो की हे केल्यावर तुमच्या फ्रेम दुप्पट होणार. मग ‘टेम्प’ नावाचं फोल्डर उघडून त्यातलं सगळं पुसायचं. याने डिस्कवर जागा होते. फ्रेम तेवढ्याच राहतात. मग एका खिडकीत जाऊन प्रोसेसरची संख्या ‘एक’ वरून ‘बारा’ करायची. विंडोज पहिल्यापासून बाराही वापरतच असतं, तो रकाना तपासणी करणाऱ्यांसाठी ठेवलेला आहे. मग ‘रॅम मोकळी करणारं’ सॉफ्टवेअर उतरवायचं. विंडोज रिकामी रॅम मुद्दामच भरून ठेवतं, लागेल ते पटकन हाताशी असावं म्हणून. हे सॉफ्टवेअर ते सगळं बाहेर हाकलतं आणि थोड्याच वेळात विंडोज तेच पुन्हा डिस्कवरून वाचत बसतं. खेळ नेमका तेव्हाच गचका खातो. शेवटच्या पायरीला कोणा अनोळखी माणसाने बनवलेली फाइल उतरवायची, आणि ती चालावी म्हणून अँटिव्हायरस बंद करायचा. कुलूप काढून ठेवलं की घर हवेशीर होतं, असं म्हणणाऱ्याला आपण घरात घेणार नाही; पण फ्रेमच्या नावाखाली घेतो.

एवढं सगळं झालं तरी पुतण्याला वाटत होतं की फरक पडलाय. ‘थोडं स्मूथ वाटतंय’ हे त्याचं वाक्य होतं. देवाला कौल लावून आलेल्या माणसाचंही साधारण असंच वाक्य असतं. मी त्याला म्हटलं, वाटण्यावर जाऊ नकोस, आकडा बघ. तोच नकाशा, तोच कोपरा, तीच वेळ, एकच गोष्ट बदल आणि मोज. मी हे का म्हटलं कोण जाणे. तेव्हापासून घरात मोजणी चालू झाली आणि “काका, फ्रिज उघडू नका, बेंचमार्क चाललाय” असं ऐकायची वेळ आली. फ्रिजचा आणि फ्रेमचा काही संबंध नाही हे त्यालाही ठाऊक आहे. पण शास्त्र म्हणजे शास्त्र.

पहिला खरा शत्रू सापडला तो धूळ.

दापोड्याची धूळ ही साधी धूळ नाही. दिवसरात्र कंटेनर जातात, त्यांच्या चाकांखाली रस्त्याचं पीठ होतं. कुठे ना कुठे शेडीचं बांधकाम चालू असतं, तिथली सिमेंटची पूड येते. पुठ्ठ्याच्या खोक्यांचा भुगा असतो. भिवंडीकडून वारा असला तर मागावरचा कापसाचा बारीक तंतूही येतो, आणि हा तंतू बाकीच्यांना एकत्र धरून ठेवतो. पीसीच्या डब्याचा पुढचा पंखा हे सगळं आत ओढतो. प्रोसेसरवर जो ॲल्युमिनियमच्या पत्र्यांचा गठ्ठा बसवलेला असतो, हीटसिंक म्हणतात तो, त्याच्या फटींत ते जाऊन बसतं. उघडून बघितलं तर राखाडी रंगाची नीट विणलेली गोधडी निघाली. भिवंडीच्या कारागिरीला तोड नाही.

या गोधडीखाली प्रोसेसर काय करतो ते समजून घेण्यासारखं आहे. तापमान वाढत गेलं की तो जळत नाही. तो शहाणा आहे. पुतण्याकडे एएमडीचा रायझन आहे, त्याची हद्द ९५ अंश सेल्सिअस. हद्दीजवळ आला की तो स्वतःहून काम मंद करतो आणि जीव वाचवतो. खेळणाऱ्याला तेवढंच दिसतं की पहिली दहा मिनिटं झकास आणि मग अडकायला लागलं. पत्र्याखालच्या खोलीत, एप्रिलच्या दुपारी, त्याला दोष देववत नाही. आमच्याकडचा प्रत्येक माणूस मे महिन्यात दोन ते चार हेच करतो.

साफसफाईला पोरगं डबा स्कूटरवर घालून पंक्चरवाल्याकडे निघालं होतं, कॉम्प्रेसरची हवा मारायला. अडवलं. कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठतं आणि ते हवेबरोबर फवारा होऊन बाहेर येतं. टायरला चालतं, मदरबोर्डला नाही. हातात धरायचा छोटा ब्लोअर आणि रंगाचा मऊ ब्रश पुरतो. वीज काढून घ्यायची, आणि हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं. ते हवेने गरागरा फिरू द्यायचं नाही, त्याचं बेअरिंग त्यासाठी नसतं. मग हीटसिंक उतरवून वाळून खडखडीत झालेली जुनी पेस्ट पुसायची आणि वाटाण्याएवढी नवी लावायची. यावर खर्च होतो तो चहा-वड्याच्या हिशेबातला. तापमान उतरलं, दहा मिनिटांनंतरचं अडकणं गेलं. यूट्यूबवरच्या ओरडणाऱ्या माणसाने धुळीचं नाव घेतलं नव्हतं. तो बहुधा एसीत बसत असावा.

दुसरी गोष्ट मला स्वतःला जास्त आवडली, कारण ती आमच्याच धंद्यातली निघाली. पुतण्याचं म्हणणं होतं की नवं मोठं ग्राफिक कार्ड घेतलं की फ्रेम आपोआप वाढणार. मी त्याला गोदामाच्या धक्क्यावर नेऊन उभा केला. तिथे एक चेकर असतो. त्याच्या हातात यादी असते. कुठला बॉक्स, कुठल्या गाडीत, कुठल्या क्रमाने, हे तो ओरडून सांगतो. पुढे उचलणारे माथाडी असतात. १९६९ च्या कायद्याने ज्यांच्या कामाला नाव आणि हिशेब मिळाला ते हे लोक. पीसीत प्रोसेसर हा चेकर आणि ग्राफिक कार्ड म्हणजे माथाड्यांची टोळी. शत्रू कुठे आहे, गोळी कुठे लागली, भिंतीमागचं काय दिसायला हवं, हे सगळं प्रोसेसर ठरवतो आणि यादी देतो. चित्र रंगवायचं अंगमेहनतीचं काम कार्डाचं. आता चेकर जर यादी वाचतच बसला असेल, तर टोळीत अजून वीस माणसं आणून काय होणार? वीस माणसं तंबाखू मळत उभी राहतील. त्याच्या उलट, चेकर भराभर ओरडतोय आणि टोळी लहान आहे, तर धक्क्यावर माल साठतो.

मोठ्या कथानकाचे, डोंगर-दऱ्या-पाऊस दाखवणारे खेळ टोळीची दमछाक करतात. ‘व्हॅलोरंट’ आणि ‘काउंटर-स्ट्राइक’सारखे खेळ चित्रात साधे, पण सेकंदाला शेकडो वेळा यादी मागणारे. तिथे बहुतेक वेळा चेकर कमी पडतो. म्हणूनच पोरं रिझोल्यूशन कमी करून १२८० बाय ९६० वर खेळतात, चित्र फुगतं, माणसं जाडी दिसतात, आणि कार्ड बरं असेल तर फ्रेम एकानेही वाढत नाही. बॉक्स हलके केले, चेकर तोच. नेमकं कोण कमी पडतंय हे बघणं अवघड नाही. खेळ चालू असताना कार्डाचा वापर ९९ टक्के दिसला तर टोळी दमलीय. पन्नास-साठ टक्के दिसला आणि तरी फ्रेम कमी, तर चेकरकडे बघा. पुतण्याचं कार्ड साठ टक्क्यांवर होतं. म्हणजे नव्या कार्डाची म्हस, किमान त्या वेळेपुरती, वाचली.

उलट टोकाची एक गंमत अशी की कार्ड ९९ टक्क्यांवर राबत असेल तर धक्क्यावर रांग लागते आणि माउसने दिलेला हुकूमही त्या रांगेत मागे उभा राहतो. फ्रेम भरपूर, पण हात जड वाटतो. तिथे खेळातच फ्रेमची कमाल मर्यादा थोडी खाली बांधून टाकली तर रांग मोडते. कमी मागून जास्त मिळण्याचे प्रसंग आयुष्यात फार येत नाहीत, हा एक आहे.

चेकरला मदत करायची तर त्याची यादी पटकन हातात यायला हवी, आणि ती रॅममधून येते. मदरबोर्डावर रॅमच्या खाचा बहुधा दोन किंवा चार असतात. सोळा जीबीची एकच पट्टी लावली तर एकच दार उघडं राहतं. आठ-आठच्या दोन पट्ट्या योग्य खाचांत लावल्या तर दोन दारं. मेमरी तेवढीच, पण रायझनला याचा फरक चांगला जाणवतो. त्याहून खट्याळ गोष्ट म्हणजे पट्टीच्या वेष्टनावर ३२०० लिहिलेलं असतं आणि पीसी ती २१३३ नाहीतर २४०० वर चालवत असतो. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी नावाचा एक पर्याय चालू करेपर्यंत तो तसाच चालवतो. कोणी सांगितलंच नाही तर वर्षानुवर्षं. बाजारातून पूर्ण पैसे देऊन आणलेला वेग बंद पाकिटात पडून आहे, हे आमच्या गावाला तरी नवीन वाटायला नको होतं.

सर्वात वाईट प्रकार काल्हेरच्या त्याच्या मित्राकडे निघाला. त्या बिचाऱ्याने लॅमिंग्टन रोडवर, पाटीवरच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, दिवसभर घासाघीस करून कार्ड आणलं होतं. वापरत आठवडे झाले, फ्रेम वाढेनात. दुकानदाराने फसवलं, कार्ड क्रिप्टोच्या मायनिंगमध्ये वापरून म्हातारं केलेलं असणार, असं सगळ्यांचं एकमत झालं होतं. मॉनिटरची वायर डब्याच्या मागे वरच्या बाजूला, मदरबोर्डाच्या तोंडात लावलेली होती. त्याचा इंटेलचा प्रोसेसर आपल्या पोटातल्या चिमुकल्या ग्राफिकवर खेळ ओढत होता, आणि नवं कार्ड खाली दिवे लावून शोभेला बसलं होतं. वायर खाली लावली. पुढचं वर्णन करायची गरज नाही. मुलगा रडला नाही, पण त्याने पुष्कळ वेळ कोणाकडे बघितलं नाही.

याचंच सख्खं भावंड म्हणजे १४४ हर्ट्झचा मॉनिटर ६० वर चालणं. मॉनिटर आणला, लावला, चित्र आलं, म्हणून सगळे खूश. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन आकडा बदलावा लागतो हे माहीतच नसतं. पीसी दोनशे फ्रेम रंगवतो, मॉनिटर त्यातली साठ दाखवतो. आणि मालक शपथेवर सांगतो की १४४ चा फरक त्याला ‘जाणवतो’.

बाकीचं पटकन सांगतो. लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच खेळा, बॅटरीवर तो मुद्दाम हात आखडतो. विंडोजचा पॉवर प्लॅन बचतीवर असेल तर काढा. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर खेळ असेल तर एसएसडीवर आणा. सरासरी फ्रेम वाढणार नाहीत, पण नवीन कोपऱ्यावर वळताना बसणारा धक्का कमी होईल. मागे ब्राउझरमध्ये उघडी ठेवलेली पानं बंद करा. खेळाच्या सेटिंगमध्ये सावल्या आणि कडा गुळगुळीत करण्याचे पर्याय आधी उतरवा, त्यांना मेहनत फार लागते. मात्र सावली पार बंद केली तर कोपऱ्याआड दबा धरलेल्या माणसाची जमिनीवर पडणारी सावलीही जाईल, आणि ती तुमच्या कामाची होती. पोत, म्हणजे टेक्स्चर, कार्डाच्या मेमरीत मावेल तोवर जवळजवळ फुकट. मावेनासा झाला की गचके सुरू. आणि पिंगचं, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणाऱ्या वेळेचं, खापर फ्रेमवर किंवा फ्रेमचं पिंगवर फोडू नका. ‘व्हॅलोरंट’ आणि ‘काउंटर-स्ट्राइक’, दोन्ही खेळांचे सर्व्हर मुंबईत आहेत. दापोड्याहून मुंबईला माणसाला जायला दोन तास लागोत, गोळीला काही मिलिसेकंद लागतात. तरी ती अडखळत असेल तर वायफायचा डबा दोन भिंतींपलीकडे आहे का ते बघा आणि सरळ लॅनची वायर ओढा.

या सगळ्या खटाटोपात मला पटलेली गोष्ट सरासरीबद्दलची आहे. पुतण्या पहिल्यांदा फुशारकीने सांगायचा, सरासरी १८० येते. तरी खेळ अडकायचा. मग त्याला एक दुसरा आकडा मिळाला, त्याला पोरं ‘वन पर्सेंट लो’ म्हणतात. सगळ्या फ्रेममधल्या सर्वात रखडलेल्या एक टक्का फ्रेमचा वेग. तो निघाला चाळीस. म्हणजे शंभरातली नव्व्याण्णव चित्रं झरझर यायची आणि एक वाटेत बसून राहायचं, आणि ते एक नेमकं समोर माणूस आला की बसायचं. कारण गोळीबार, धूर, चारपाच जण एकत्र, हे सगळं त्याच क्षणी चेकरच्या अंगावर पडतं. धूळ, पट्ट्या आणि एक्सएमपी झाल्यावर सरासरी फार वाढली नाही. खालचा आकडा मात्र चाळीसवरून शंभरजवळ आला आणि खेळ एकदम वेगळाच झाला. सरासरी ही गोष्ट दुसऱ्यांना सांगण्यासाठी असते. आपण राहतो ते त्या खालच्या एक टक्क्यात.

आता गंमत अशी झाली की यंत्र सुरळीत झाल्यावर पुतण्याचं खेळणं कमी झालं. त्याला दुरुस्तीचाच नाद लागला. पंख्याचा वेग कुठल्या तापमानाला किती, व्होल्टेज थोडं उतरवून तेवढाच वेग टिकतो का, नवा ड्रायव्हर चांगला की मागचा, यात त्याच्या संध्याकाळी जातात. आळीतली पोरं आपापले डबे घेऊन त्याच्याकडे येतात. तो प्रत्येकाला आधी विचारतो, ‘शेवटचा कधी साफ केला होतास?’ डॉक्टरांच्या घरात असते तशी एक तुच्छता त्याच्या आवाजात आली आहे. खेळत असतानाही त्याचं लक्ष शत्रूकडे नसतं, पडद्याच्या वरच्या कोपऱ्यातल्या हिरव्या आकड्याकडे असतं. १९२. १८८. १९०. १७१, आणि लगेच कपाळाला आठी. तेवढ्यात मागून कोणीतरी त्याला मारून जातो, तेही बहुधा साठ फ्रेमवाला.

त्याच्या हरण्या-जिंकण्याचं प्रमाण मला विचाराल तर पूर्वीएवढंच आहे. हे मी त्याला बोललो नाही. घरात शांतता लागते.

पण तुमच्या घरात असं पोरगं असेल, किंवा तुम्ही स्वतःच असाल, तर नवं कार्ड मागवण्याआधी डब्याच्या मागे वाकून वायर कुठे लागली आहे ते बघा, मॉनिटर किती हर्ट्झवर आहे ते बघा, आणि झाकण काढून एकदा ब्रश फिरवा. मग मोजा. आणि एकदा मोजून झालं की कोपऱ्यातला तो हिरवा आकडा बंद करा. सेटिंगमध्ये त्याचंही बटण असतं.